बुद्धी मोजायची कशी?

वर्गात एखादा मुलगा मागे पडतो. गणिते चुकतात, वाचताना तो अडखळतो. गुरुजी एक दिवस वैतागून म्हणतात, "अगदी मठ्ठ आहेस!" आणि तो शब्द त्याला कायमचा चिकटतो. पण बालमित्रांनो, हा अंदाज बरोबर कशावरून? कदाचित त्याला फळ्यावरचे नीट दिसत नसेल, कमी ऐकू येत असेल किंवा त्याच्या घरी निराळीच भाषा बोलत असतील.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि सर्व प्रकारची मुले शाळेत आली. त्यांतल्या कोणाला खास वर्गात घालावे, हे ठरवण्यासाठी १९०४ साली एक सरकारी समिती नेमली गेली. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बीने हे तिचे एक सभासद.

बीनेंनी त्यापूर्वी शाळकरी मुलांची डोकी मोजून पाहिली होती! मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी, असा तेव्हा समज होता. पण शिक्षकांच्या मते 'हुशार' आणि 'ढ' असलेल्या मुलांच्या डोक्यांतला फरक निघाला अगदी किरकोळ. शिवाय बीनेंना भीती वाटू लागली, की मुलगा हुशार आहे हे आधी कळले, तर आपणच नकळत त्याचे माप थोडे वाढवून घेऊ. ही शंका त्यांनी स्वतःच लिहून प्रसिद्ध केली आणि तो मार्ग सोडला. मला तर ही कबुली त्यांच्या पुढच्या कामाइतकीच मोलाची वाटते.

१९०५ साली बीने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सीमाँ यांनी तीस प्रश्नांची कसोटी तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरवणे हा पहिला, सर्वांत सोपा प्रश्न. पुढे तीन अंक ऐकून पुन्हा म्हणणे, माशी आणि फुलपाखरू यांतला फरक सांगणे, अशी चढण. शेवटी शेवटी आलेला एक प्रश्न तुम्हीही करून पाहा. कागदाची चौपदरी घडी घाला. घडीच्या एका दुमडलेल्या कडेच्या मध्यावर लहानसा त्रिकोण कापा. आता घडी न उलगडता, कागद कसा दिसेल ते काढून दाखवा. भोके किती? आकार कोणता? मग उलगडा. (दोन चौकोनी भोके दिसतील, पतंगासारखी.)

१९०८ साली त्यांनी प्रश्न वयानुसार लावले. चौरस पाहून तसाच काढणे पाच वर्षांच्या मुलाला जमते. तोच चौरस कोनावर उभा करून शंकरपाळ्यासारखा केला, की सात वर्षांचे वय लागते! मूल ज्या वयाचे प्रश्न सोडवते ते त्याचे 'मानसिक वय'. १९१२ साली जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी त्याला खऱ्या वयाने भागायचे सुचवले. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा असेल, तर सहा भागिले आठ, गुणिले शंभर, म्हणजे ७५. बाराव्या वर्षी तेवढाच दोन वर्षांचा फरक असला, तर उत्तर ८३ येते. हा झाला बुद्धिगुणांक. आता मात्र तो समवयस्क मुलांशी तुलना करून काढतात.

बुद्धी ही फूटपट्टीने मोजायच्या लांबीसारखी नव्हे, असे बीने बजावत असत. ती सरावाने वाढते, असे त्यांचे मत होते. खास वर्गातल्या मुलांना ते चक्क पुतळ्यासारखे स्तब्ध राहण्याचा खेळ खेळायला लावत, लक्ष टिकावे म्हणून! आपल्या 'स्टॅच्यू'चाच हा भाऊ.

१९११ साली बीने वारले. अमेरिकेत मात्र ही कसोटी भलत्याच कामाला लागली. जहाजातून नुकत्याच उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या परदेशी माणसांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले गेले आणि त्यांतल्या कित्येकांना 'मंदबुद्धी' ठरवले गेले.

म्हणूनच नुसते भाषांतर पुरत नाही. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी या कसोटीत फेरफार केले. त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. 'बीने-कामत कसोटी' भारतात आजही वापरतात. परीक्षक एका वेळी एकाच मुलाला समोर बसवतो, आधी गप्पा मारतो, उत्तर चुकले तरी रागावत नाही. तुमच्यावर त्या खुर्चीत बसायची वेळ आली, तर पाठ करून जाण्यासारखे काही नाही. चष्मा असेल, तर तो तेवढा विसरू नका.