दंतरोगांचे दुसरे आरोपी

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाची दुसरी लाट ओसरू लागली असताना, महाराष्ट्रातील दंतवैद्यांकडे एका विलक्षण तक्रारीचे रुग्ण येऊ लागले. करोनातून नुकतेच उठलेले, बहुधा मधुमेही आणि उपचारात स्टेरॉइड घेतलेले हे लोक सांगत, की वरचे दोन-तीन दात एकाएकी हलू लागले आहेत, गाल बधिर झाला आहे आणि हिरडीतून पू येतो आहे. पुष्कळदा दातांना कीड नसे, हिरड्यांचा जुना विकारही नसे. आणि हलणारा दात काढावा, तर जखम भरून येण्याऐवजी आतले हाडच निर्जीव झालेले दिसे. म्युकरमायकोसिस नावाचा तो रोग वर्तमानपत्रांनी ‘काळी बुरशी’ या नावाने घरोघर पोचवला. वस्तुतः ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते, तेथे रक्त गोठते, आणि रक्तपुरवठा तुटलेला टाळूचा, हाडाचा वा त्वचेचा भाग मरून काळा पडतो.

या बुरशीचे बीजाणू माती, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा यांत सदैव असतात व श्वासावाटे आपल्या नाकात नित्य जातात. निरोगी शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा परस्पर बंदोबस्त करतात. परंतु साखर बेसुमार वाढलेली, स्टेरॉइडने त्या पेशींचे बळ खचलेले आणि विषाणूने सारे शरीर जेरीस आणलेले, असा तिहेरी योग जुळून आला, की हेच बीजाणू नाकालगतच्या पोकळ्यांत रुजतात आणि त्या पोकळ्यांच्या तळाशी असलेल्या वरच्या जबड्यात उतरतात. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या धामधुमीत केलेल्या कायद्याखाली, या रोगाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले; जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये आघाडीवर होती. अॅम्फोटेरिसिन-बी हे शिरेतून द्यावयाचे औषध आणि मेलेले हाड काढून टाकणारी शस्त्रक्रिया, यांवरच उपचाराची मुख्य भिस्त होती. जीव वाचला पण वरचा जबडा गमावला, असे कित्येक जण त्या वर्षी घरी परतले.

त्या आपत्तीने जे भीषण स्वरूपात दाखवले, ते सौम्य स्वरूपात आपल्या मुखात रोजच घडत असते. दंतरोगाची फिर्याद आजवर जवळजवळ एकट्या जिवाणूंवर गुदरली गेली आहे, आणि मुख्य गुन्हा त्यांचाच आहे यात शंका नाही. परंतु बुरशी आणि विषाणू या दुसऱ्या आरोपींचा जबाब मात्र फार उशिरा घेतला गेला.

या उशिराचे कारण इतिहासात सापडते. १६८३ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथील आंतोनी फान लेवेनहुक याने, रोज सकाळी मिठाने दात घासत असूनही दातांच्या फटीत उरलेला पांढरा लेप काढून आपल्या हातघडणीच्या भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले, आणि ती हकीकत त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. पुढे दोन शतकांनी बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकी दंतवैद्याने, मुखातील जिवाणू पिष्ट व शर्करा यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते, हा सिद्धान्त मांडला. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने आधुनिक दंतशास्त्राचा पाया घातला. जिवाणू भिंगाखाली दिसत होते आणि प्रयोगशाळेत वाढवता येत होते. विषाणू इतका सूक्ष्म, की विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक निघेपर्यंत तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. जे दिसले त्याच्यावर दोष गेला, हे स्वाभाविकच होते.

बुरशी मात्र तितकी अदृश्य नव्हती. १८३९ साली लांगेनबेक या जर्मन शल्यविशारदाने एका विषमज्वराच्या रुग्णाच्या मुखातील पांढऱ्या थरांत बुरशी पाहिली. पुढे कॅन्डिडा या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या मुखात कसलाही उपद्रव न देता राहत असते. तान्ह्या मुलाच्या जिभेवर आणि गालांच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात, पुसले तर निघतात आणि खाली लालभडक त्वचा उघडी पडते, तो हिचाच प्रताप. आपल्याकडे अनेक घरांत अशा वेळी जेंशन व्हायोलेटचे जांभळे औषध बोटाने लावले जाई. म्हातारपणी तिला दुसरे आश्रयस्थान मिळते, ते कवळीचे. रात्रंदिवस तोंडात ठेवलेल्या कवळीच्या अक्रिलिकमधील सूक्ष्म छिद्रांत ती घर करते, आणि कवळी काढली असता टाळूवर नेमका तिच्याच आकाराचा लाल पट्टा दिसतो. पुष्कळदा तो दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणी पाहतही नाही; ओठांचे कोपरे फाटून चिघळू लागतात, तेव्हा दंतवैद्याकडे जाणे होते.

या बुरशीवरील निस्टॅटिन हे पहिले खात्रीचे औषध १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकी संशोधिकांनी शोधले. एक न्यूयॉर्क शहरात आणि दुसरी ऑल्बनीत. मातीतून वाढवलेले जिवाणू बरणीत भरून एकीने टपालाने धाडावेत, दुसरीने त्यांतील गुणकारी द्रव्य वेगळे काढून परत पाठवावे, अशा रीतीने हे काम चालले, आणि औषधाच्या हक्कापोटी मिळालेले धन या दोघींनी संशोधनासाठीच देऊन टाकले.

दाताच्या किडीतही या बुरशीचा हात असावा, असा पुरावा अलीकडे पुढे आला आहे. झोपताना गोड दुधाची बाटली तोंडात राहिलेल्या लहान मुलांच्या पुढच्या दातांना जी झपाट्याने कीड लागते, तिच्या लेपात किडीचा प्रमुख जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि कॅन्डिडा ही दोन्ही वारंवार एकत्र सापडतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ह्युन कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या जिवाणूने स्रवलेले एक विकर बुरशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि साखरेपासून तेथे चिकट द्रव्य तयार करते. त्यामुळे लेप जाड होतो, आम्ल आतच कोंडते, आणि दोहोंची एकत्र लागण झालेल्या उंदरांच्या दातांची हानी एकट्या जिवाणूने होते त्याहून कितीतरी अधिक होते. साखर आपण पुरवायची आणि या दोघांनी संगनमताने दात पोखरायचा, असा हा मामला आहे.

विषाणूंची रीत निराळी आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मूल एकाएकी तापाने फणफणते, त्याच्या हिरड्या सुजून लाल होतात, जिभेवर व ओठांवर बारीक फोड उठून फुटतात, आणि ते पाण्याचा घोटही घेत नाही. पालक ‘दात येत आहेत’ म्हणून स्वस्थ बसतात किंवा घरात उरलेले अँटिबायोटिक पाजतात. वास्तविक ही हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूची पहिली लागण असू शकते, आणि तिच्यावर अँटिबायोटिक काडीइतकेही चालत नाही. एक-दोन आठवड्यांत ती ओसरते. तोवर मुलाच्या पोटात पाणी जात राहील एवढी दक्षता घ्यावी लागते आणि वेळेवर दाखवले तर डॉक्टर विषाणूविरोधी औषध देऊ शकतात. लागण ओसरते, पण विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या संवेदनांची वाहक असलेल्या मज्जेच्या गाठीत तो आयुष्यभर दडून राहतो आणि ताप, ऊन किंवा थकवा यांचे निमित्त मिळताच ओठाच्या कडेला फोडांच्या रूपाने पुन्हा प्रकट होतो.

त्याचाच भाऊबंद म्हणजे कांजिण्यांचा विषाणू, जो उतारवयात नागीण होऊन उठतो. ही नागीण चेहऱ्याच्या मज्जेवर उठायची असेल, तर पुरळ दिसण्याच्या आधी काही दिवस एका बाजूचे दात असह्य ठणकू शकतात. दात पाहावेत तर धडधाकट असतात, आणि तरीही रुग्णाच्या आग्रहामुळे त्यांवर रूट कॅनाल केल्याची, प्रसंगी ते उपटल्याची उदाहरणे वैद्यकीय दप्तरात नमूद आहेत. पुढे कपाळाला, गालाला किंवा हनुवटीला एकाच बाजूस फोड येतात आणि चेहऱ्याच्या मध्यरेषेपाशी थांबतात, तेव्हा खुलासा होतो. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, या लोकसमजुतीला आधार नाही. सामान्यतः एका बाजूच्या मज्जेचीच ती वाट धरते, म्हणून विळखा सहसा पुरा होतच नाही.

हिरड्यांच्या जुनाट विकाराविषयी मात्र निवाडा अजून व्हायचा आहे. अमेरिकेतील यॉर्गन स्लॉट्स या संशोधकाने गेल्या शतकाच्या अखेरीपासून असे प्रतिपादन केले, की हिरडी आणि दात यांमधील खोल खाचांत एप्स्टाइन-बार आणि सायटोमेगॅलो हे विषाणू सापडतात आणि तेथील संरक्षक पेशींना दुबळे करून जिवाणूंना रान मोकळे करून देतात. कल्पना सयुक्तिक आहे. परंतु गुन्ह्याच्या जागी कोणी हजर असणे म्हणजे त्याने गुन्हा केला असे सिद्ध होत नाही, आणि सुजलेल्या हिरडीत रक्तपेशींची गर्दी असल्यामुळे त्यांच्यासोबत विषाणू तेथे आपोआप पोचत असतील, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे.

या सर्वांतून एक गोष्ट निश्चित होते. मुखातील बुरशी आणि निद्रिस्त विषाणू यांचे बळ पुष्कळ अंशी आपल्या दुर्बलतेचे असते. १९८१ साली लॉस एंजलिसमधील ज्या पाच रुग्णांच्या वृत्तान्ताने एड्सची पहिली वर्दी जगाला दिली, त्या पाचही जणांना कॅन्डिडाची लागण झालेली होती. प्रौढ माणसाच्या मुखात कारणावाचून पांढरे थर दिसू लागले, तर दोष एकट्या मुखाचा असतोच असे नाही. मधुमेह, दम्याचा स्टेरॉइड-फवारा, रक्ताचा विकार किंवा अँटिबायोटिकची लांबलेली मात्रा यांची चौकशी आधी करावी लागते. त्यांतही अँटिबायोटिकचा अपराध मोठा, कारण ते मुखातील निरुपद्रवी जिवाणूंना मारून बुरशीला जागा करून देते. दाढ दुखली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून गोळ्यांची पट्टी आणण्याची आपली रीत यासाठी सर्वथा त्याज्य आहे.

कवळी रोज रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. स्टेरॉइडच्या फवाऱ्यानंतर खळखळून चूळ भरावी. बाळाला गोड दुधाच्या बाटलीसह झोपवू नये. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम दाखवून घ्यावी. आणि मधुमेह असलेल्या माणसाचे वरचे दात कारणावाचून हलू लागले, तर त्याने त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे, आणि जाताना रक्तातील साखरेचा ताजा अहवाल हाती ठेवावा.