दक्षिण व मध्य मुंबईतील प्रवासी निवास

दक्षिण व मध्य मुंबईतील प्रवासी निवास या संज्ञेत गिरगाव, भुलेश्वर, धोबी तलाव, लालबाग, परळ आणि दादर या भागांत बाहेरगावाहून येणाऱ्या माणसांसाठी असलेल्या धर्मशाळा, लॉज, खाणावळी, गावकीच्या खोल्या, वसतिगृहे आणि हॉटेले यांचा समावेश होतो. यांपैकी कोणता निवास निवडावा हे केवळ पैशावर ठरत नाही. येणाऱ्याचे काम काय, मुक्काम किती दिवसांचा आणि शहरात ओळखीचे कोण आहे, या तीन गोष्टींवर ते मुख्यतः अवलंबून असते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात मुंबईत दोन प्रकारचे निवास समांतर वाढले. कोट भागात युरोपीय पद्धतीची हॉटेले निघाली. काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला, तर अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. दुसरीकडे देशी वस्तीत व्यापारी आणि यात्रेकरू यांच्यासाठी दानशूर शेटजींनी धर्मशाळा बांधल्या. सी. पी. टँक येथील हिराबाग ही माणिकचंद हिराचंद या जैन व्यापाऱ्याने उभारलेली धर्मशाळा त्याचे ठळक उदाहरण आहे. अशा धर्मशाळांत आहाराचे नियम कडक असत आणि बऱ्याच ठिकाणी प्रवेश विशिष्ट ज्ञाती वा पंथापुरता मर्यादित असे. म्हणजेच प्रवाशाने निवास निवडण्याआधी निवासच प्रवाशाची निवड करत असे.

या दोहोंच्या मधली जागा मराठी मध्यमवर्गासाठी लॉज व बोर्डिंगांनी भरून काढली. क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहात लोकमान्य टिळक मुंबईतील मुक्कामात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले.

गावकीच्या खोल्या आणि कूड

गिरणगावात आलेला कोकणी किंवा घाटावरचा माणूस लॉजचा विचारही करत नसे. त्याच्या गावाच्या मंडळाने चाळीत एखादी खोली भाड्याने घेतलेली असे आणि गावचा कोणीही तेथे वळकटी टाकू शके. एकाच खोलीत वीस-पंचवीस माणसे राहत. हे शक्य होई ते गिरण्यांच्या पाळ्यांमुळे: दिवसपाळीची माणसे बाहेर पडली की रातपाळीची येऊन झोपत. सामानासाठी प्रत्येकाला एक ट्रंक ठेवण्याइतकीच जागा मिळे. जेवण खाणावळीत होई. या खाणावळी बहुधा कामगारवस्तीतील स्त्रिया घरातच चालवत. सावकारी कर्जातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९८२ च्या गिरणी संपानंतर ही व्यवस्था खिळखिळी झाली, तरी लालबाग-परळच्या काही चाळींत गावमंडळांच्या खोल्या टिकून राहिल्या.

गोव्यातील ख्रिस्ती समाजाने हाच मार्ग 'कूड' या नावाने चालवला. धोबी तलाव येथील जेर महाल ही इमारत अशा अनेक क्लबांसाठी प्रसिद्ध आहे. बोटीवर काम करणारे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे राहत. भिंतीलगत ट्रंका, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना ही तिथली पद्धत. भाडे नाममात्र असे. पण सभासदत्व गावावरून ठरत असल्याने परक्याला तेथे वाव नव्हता.

परळची रुग्णालये आणि निवासाचा प्रश्न

आज या भागात निवासाची सर्वाधिक निकड पर्यटकांना नसून रुग्णांच्या नातेवाइकांना आहे. परळमध्ये केईएम, वाडिया आणि टाटा स्मारक ही मोठी रुग्णालये जवळजवळ आहेत. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालपासून ईशान्येपर्यंतचे कर्करोगाचे रुग्ण येतात.

कर्करोगाच्या उपचारांत रुग्ण बराच काळ खाटेवर दाखल नसतो, पण त्याला घरीही जाता येत नाही. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे अनेक आठवडे चालतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांत पुष्कळदा तीन आठवड्यांचे अंतर असते. चार दिवसांसाठी परवडणारा लॉज चाळीस दिवसांत शेतकरी कुटुंबाची जमीन गहाण ठेवायला लावतो. म्हणूनच रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर चादर अंथरून राहणारी कुटुंबे हे परळचे अनेक वर्षांचे दृश्य आहे.

या गरजेतून काही संस्था उभ्या राहिल्या. दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्गावर गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधणाऱ्या महाराजांनी स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन, वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती निवास आणि कर्करोगग्रस्त मुलांसाठी २००६ पासून कार्यरत असलेली सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे ही अन्य उदाहरणे होत.

२०२१ मध्ये राज्य शासनाने करी रोड येथील म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयाला देण्याचे ठरवले. किल्ल्याही सुपूर्द झाल्या. परंतु स्थानिक रहिवाशांनी हरकत घेतल्यावर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्णयास स्थगिती दिली आणि त्याऐवजी बॉम्बे डाईंग गिरणीच्या आवारातील तितक्याच सदनिका देण्यात आल्या. गावच्या माणसासाठी चाळीच्या खोलीत जागा करणाऱ्या परिसरात हा वाद व्हावा, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. कर्करोग संसर्गजन्य नसतो. धोका असलाच तर तो प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला इतरांकडून होणाऱ्या संसर्गाचा असतो.

निवड करताना

रुग्णासह येणाऱ्यांनी भाड्याआधी स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय आणि जिने पाहणे इष्ट ठरते. केमोथेरपीनंतर काही दिवस पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात अनेकांनी वापरायचे शौचालय आणि बाहेरचे अन्न दोन्ही अपायकारक ठरू शकतात. म्हणून स्वस्त सामायिक दालनापेक्षा थोडी दूरची, पण चूल मांडता येणारी खोली बरी. धर्मशाळांत प्रवेशासाठी सामान्यतः रुग्णालयाची कागदपत्रे लागतात, सोबतच्या माणसांची संख्या मर्यादित असते आणि मुक्कामाला मुदत असते. त्यामुळे गाडीतून उतरल्यावर थेट धर्मशाळेत जाण्याऐवजी आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करावी. प्रवेशद्वाराशी खोली मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला आगाऊ पैसे देऊ नयेत.

परीक्षा, मुलाखत किंवा न्यायालयीन कामासाठी एक-दोन रात्री येणाऱ्यांना स्थानकालगतची सोय पुरते. रेल्वेच्या विश्रांतीकक्षांखेरीज मुंबई सेंट्रल येथे नोव्हेंबर २०२१ पासून एका माणसाला झोपण्यापुरत्या कप्प्यांचे पॉड हॉटेल आहे. लॉजमध्ये भाड्याचा दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा हे आधी विचारावे. पहाटेच्या गाडीने येणाऱ्याला या फरकामुळे काही तासांसाठी दोन दिवसांचे भाडे भरावे लागते.

गणेशोत्सवात लालबाग व परळ येथे आणि ६ डिसेंबरच्या सुमारास दादर येथे खोल्या मिळणे कठीण असते. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांसाठी महानगरपालिका शिवाजी पार्कवर मंडप, पाणी आणि फिरत्या शौचालयांची व्यवस्था करते. त्यांच्यातील बहुसंख्य लोक रात्र मैदानावरच काढतात.