एका रॉक-वृंदाचे नामांतर : काही भाषाशास्त्रीय विचार

मीरा-भाईंदरच्या वस्तीत वाढलेल्या एका विद्यार्थ्याने भाषाविज्ञानाच्या तासाला एक प्रश्न उपस्थित केला. घरी मराठी, बाजारात हिंदी व गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशा वातावरणात राहणारा हा तरुण मित्रांसमवेत गिटार वाजवून इंग्रजी गीते रचतो. वडिलांनी त्यास विचारले होते, “हे गाणे आपले कसे?” त्यास उत्तर सुचले नाही. तोच प्रश्न त्याने आमच्यापुढे ठेवला. प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा वृंद स्थापन झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, मार्क सेल्विन, झुबिन बालपोरिया ही त्यातील मंडळींची नावे वाचली तरी मुंबईची बहुभाषिकता ध्यानात येते. परक्यांची गाणी गाऊन न थांबता त्यांनी स्वतःची इंग्रजी गीते रचली. त्यांचा पहिला गीतसंग्रह १९८८ साली, तर दुसरा १९९० साली निघाला. या दुसऱ्या संग्रहातील ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीला पुढे एमटीव्हीच्या आशियाई विभागात प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९३ साली वृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले आणि त्याच नावाचा संग्रह १९९५ साली प्रसिद्ध केला.

प्रथम दुसऱ्या संग्रहाचे नाव पाहू : ‘द सेकंड कमिंग’. सरळ अर्थ ‘दुसरे आगमन’, म्हणजे दुसरा संग्रह. परंतु उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांना हा शब्दप्रयोग ऐकताच ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे स्मरण व्हावे, कारण इंग्रजीत तो त्या श्रद्धेचा रूढ शब्द आहे. येट्‌स या आयरिश कवीच्या एका विख्यात कवितेचेही हेच नाव आहे. म्हणजे नाव तीन अर्थांनी बोलते. पण त्यांपैकी दोन अर्थ पाश्चात्त्य परंपरेशी परिचय असणाऱ्यालाच उमगतात. उसन्या भाषेची अडचण येथे स्पष्ट होते. शब्द घेता येतो. त्यामागील स्मृती मात्र प्रत्येक श्रोत्यापाशी असतेच असे नाही.

आता ‘इंडस क्रीड’ हे नाव घेऊ. वरकरणी तेही इंग्रजीच. तथापि ‘इंडस’ म्हणजे आपली सिंधू. प्राचीन इराणी भाषांत मूळच्या ‘स’चा ‘ह’ झाला व ‘सिंधु’चे ‘हिंदु’ झाले. ज्या ग्रीक बोलीतून तो शब्द पुढे गेला, तिच्यात ‘ह’ लोपला होता. म्हणून ‘इंदोस’, आणि लॅटिनमध्ये ‘इंदुस’. ‘स’ व ‘ह’ यांच्या या नात्याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. मराठीत ‘सप्ताह’ संस्कृतातून आला व ‘हप्ता’ फारसीतून. दोहोंच्या मुळाशी सात हाच आकडा आहे.

‘क्रीड’ म्हणजे श्रद्धेचे घोषणावाक्य. लॅटिन ‘क्रेदो’, मी विश्वास ठेवतो, यापासून तो बनला. हा ‘क्रेदो’ आणि संस्कृत ‘श्रद्धा’ सगोत्र आहेत. लॅटिन ‘केंतुम’ व संस्कृत ‘शतम्’ यांत जसा ‘क’स ‘श’ जुळतो, तसाच तो येथेही जुळतो. उत्तरार्धातील ‘धा’ म्हणजे ठेवणे. तेव्हा ‘इंडस क्रीड’ या परक्या भासणाऱ्या नावाचा एक शब्द येथूनच गेलेला व दुसरा आपल्या शब्दाचा चुलतभाऊ आहे.

मात्र एवढ्याने गाणे आपले होत नाही. शब्दांची कुळी एक आणि गाण्याचा ठेका दुसरा. रॉक संगीतात ढोलाचा जोरकस आघात सामान्यतः चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. इंग्रजीत शब्दाघात बलवान असल्याने आघातयुक्त एकाक्षरी शब्द तेथे सहज बसतो. मराठीत असा तीव्र शब्दाघात नाही; आपली वृत्ते लघु-गुरूंच्या गणनेवर चालतात, आणि विभक्तिप्रत्ययांमुळे शब्दही लांबतात. ‘वाटेवरून’ या शब्दात आघात ‘वा’, ‘टे’ वा ‘रू’ या गुरू अक्षरांवर पडला तर शब्द अखंड राहतो. लघु ‘व’वर पडला तर तो मोडल्यासारखा वाटतो. मराठी रॉक रचणाऱ्याने इंग्रजीची चाल तशीच न उचलता गुरू अक्षरे आघाताच्या जागी आणावीत, हे यावरून निष्पन्न होते. वेगवान ठेक्यावर शब्दांची गर्दी पेलण्याचे सामर्थ्य मराठीत आहे, हे शाहिरांच्या पोवाड्यांनी केव्हाच सिद्ध केले आहे.

हा वृंद १९९७ साली विसर्जित झाला. बेनेगल व गांधी यांनी पुढे ‘आम्स फॉर शांती’ या नावाने हिंदीतही गीते केली. २०१० साली ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आले व २०१२ साली त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह निघाला. एकाच माणसाने दोन भाषांत गावे यात विसंगती मानण्याचे कारण नाही. आपल्या शहरातील माणूस दिवसभर तेच करीत असतो.

त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे : इंग्रजीत गाण्यात कमीपणा नाही, पण मराठीत रॉक बसत नाही ही समजूत मात्र टाकून द्यावी. मराठीत एक गीत रचून ते प्रथम वडिलांना ऐकवावे. शब्द कोठे मोडतो, हे त्यांचा कान अचूक सांगेल.