दारावर आलेला महागडा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का?

नळीत पांढरं फडकं लावून मशीन गादीवर फिरवतात आणि फडक्यावर राखाडी धुळीचा गोल उमटतो. मुलं झोपतात ती गादी! पोटात कालवतं आणि तिथंच पावती फाटते. मी हाच प्रयोग दुकानातल्या साध्या मशीनवर केला. गोल तसाच उमटला.

युरेका फोर्ब्सने १९८२ पासून ही दारोदार विक्री आपल्याकडे रुजवली. तेव्हा ते योग्यच होतं, कारण अशी वस्तू बहुतेकांनी पाहिलीच नव्हती. आज तुलना करणं सोपं आहे.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. मशीन वीज किती खातं, एवढंच त्यातून कळतं. ओढ किती किलोपास्कल, ते विचारा. घरात दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर बघा, आणि झाकणाचं रबर घट्ट बसतंय ना, तेही. नाहीतर धूळ फटीतून परत खोलीतच. पिशव्या नि फिल्टर पुढे कितीला पडतील, हेही आधीच विचारून घ्या.

नुसत्या फरशीला केरसुणी-पोछा पुरतो. सोफा, गाद्या, सरकत्या खिडक्यांच्या खाचा, इथे मात्र मशीनच हवं. पण त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे? तुमच्या गावात दुरुस्तीला माणूस खरंच घरी येत असेल, तरच थोडे जास्त मोजा.