पोटातला जंतू आणि अण्णांचे हृदय

(द्वितीय वर्ष, कला)

छातीत जळजळले की 'पित्त झाले' म्हणायचे, चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात घालून प्यायचा आणि कामाला लागायचे, असा आमच्या घरचा रिवाज. गेल्या पावसाळ्यात अण्णा डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.तील रात्रपाळी संपवून कल्याणला घरी आले, ते छाती चोळीतच. आईने सोडा दिला. मीही म्हटले, "रात्री वडापाव खाल्ला असेल." दुपारी घामाने बनियन भिजले, तेव्हा कुठे शेजारच्या काकांनी रिक्षा काढली. तो हृदयविकाराचा झटका होता.

अण्णा वाचले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे शौचास काळे होऊ लागले. दुर्बिणीने पोट तपासले, तो जठरात व्रण आणि 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नावाचा जंतू सापडला. अण्णांनी मला विचारले, "पोरी, तू शिकतेस ना? मग बघ बरं, ह्या किड्यानेच माझे काळीज पोखरले का?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तीही कला शाखेची. तरी प्रश्न टाळवेना. वाचून आणि विचारून जे समजले, ते येथे मांडते.

जठरातील तीव्र आम्लात जंतू जगत नाहीत, अल्सर होतो तो चिंतेने व तिखटाने, असे पूर्वी मानीत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांना हा मळसूत्री जंतू १९८२ साली प्रयोगशाळेत वाढविता आला. तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीच्या आम्लाची धार बोथट करतो. लोकांना पटेना, म्हणून १९८४ साली मार्शल यांनी ह्या जंतूंचे द्रावण स्वतःच प्राशन केले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदयाचा संबंध पुढे आला तो १९९४ साली. लंडनमधील मेंडॉल व त्यांच्या सहकाऱ्यांना हृदयरोग्यांपैकी ५९ टक्के लोकांच्या रक्तात ह्या जंतूच्या खुणा आढळल्या. इतरांत ३९ टक्के. जंतूमुळे शरीरात वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो आणि तोच रक्तवाहिन्यांना बाधत असावा, अशी कल्पना निघाली. परंतु पुढच्या मोठ्या पाहण्यांत गरिबी, धूम्रपान इत्यादी गोष्टी हिशेबात धरल्या, तेव्हा हा संबंध फार क्षीण ठरला. जंतू मारल्याने झटका टळतो, असेही सिद्ध झालेले नाही.

असे का व्हावे? पावसाळ्यात छत्र्या खपतात आणि लोकलही उशिरा धावतात. म्हणून छत्र्यांमुळे लोकल रखडते, असे कोणी म्हणेल काय? दोन्हींच्या मागे पाऊस असतो. इथे गरिबी हा तो पाऊस. हा जंतू बहुधा लहानपणीच, दाटीच्या घरात, अस्वच्छ पाण्यातून वा घरच्यांकडून येतो. अण्णांचे बालपण एका खोलीत आठ माणसांत गेले. पुढे बिडी, रात्रपाळ्या, न तपासलेला रक्तदाब. जंतू आणि हृदयरोग दोघेही एकाच दाराने आत आले.

मात्र एक नाते खरे आहे. अ‍ॅस्पिरिनने जठराला इजा होते. त्यात हा जंतू असला, तर व्रणातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या वृद्धांतील जंतू औषधाने घालविल्यावर पहिली अडीच वर्षे असा रक्तस्राव कमी झाला. अण्णांनाही प्रतिजैविकांचा चौदा दिवसांचा क्रम दिला. काळे शौच दिसताच ते अ‍ॅस्पिरिन आपणहून सोडायला निघाले होते. सुदैवाने आधी डॉक्टरांना विचारले.

अण्णांना मी सांगितले, "जंतूने काळीज पोखरले असे म्हणता येत नाही. पण पित्त समजून आपण अर्धा दिवस घालवला, तो मात्र नडला." ते काही बोलले नाहीत; आई बोलली, "मला कुठे ठाऊक होतं गं?" ठाऊक मलाही नव्हते. मित्रमैत्रिणींनो, म्हणून हे लिहिले. घरात कोणाची छाती दाटून घाम फुटला, तर सोडा शोधू नका. १०८ ला फोन करा आणि हृदयाचा आलेख काढून घ्या. पित्त निघाले, तर आनंदच आहे.