गॅलरीतली संसद

दिल्लीच्या 1927 सालच्या गोल संसदेत खासदार अर्धवर्तुळात बसायचे. लंडनच्या सभागृहात पक्ष समोरासमोर बसतात. बसण्यावरून बोलण्याची तऱ्हा ठरते म्हणतात. मला हे पटलं ते लालबागला, मावशीच्या चाळीत! खोली एकच, पण दारासमोर लांबलचक सामाईक गॅलरी. नळाच्या पाळ्या, भांडणं, निवाडे, सगळं तिथेच, उभ्याउभ्या.

1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध थाळ्या वाजवायची हाक दिली, तेव्हा मैदान शोधावं लागलं नाही. एकीचं लाटणं थाळीवर पडलं की समोरच्या माळ्यावर ऐकू जायचं. मावशी स्टोव्ह बारीक करून बाहेर यायची.

आता टॉवर आले. वरळीच्या बीडीडी चाळकऱ्यांना 2025 च्या ऑगस्टमध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या. घरातच संडास! रात्री-अपरात्री सामाईक संडासाला गेलेली बाई त्याला नावं ठेवणार नाही.

मावशीही टॉवरमध्येच राहते. तिथे सोसायटीची सभा तळमजल्यावर, रविवारी अकराला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी. जातात पुरुषच. "गॅलरीत मी दारातूनच बोलायचे गं. आता साडी बदलून लिफ्टने खाली जायचं!" मावशी म्हणाली.

पुढची सभा चारला घ्या, असा अर्ज तिने परवा लिफ्टमध्येच चिकटवलाय. खाली अकरा जणींच्या सह्या आहेत.