कॅश, कर्नल आणि खाते

संगणकाच्या परिभाषेतील अनेक दुर्बोध शब्द हे मुळात इंग्रजी घरातले, शेतातले किंवा बाजारातले साधे शब्द आहेत. मात्र ते मराठीत येतात तेव्हा त्यांचा केवळ उच्चार येतो आणि त्यामागचा अर्थ पलीकडेच राहतो. हुबळी-धारवाडमध्ये, जेथे मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी नांदतात आणि 2016 पासून आयआयटीही आहे, ही अडचण दुहेरी होते, कारण दोन्ही लिप्या उच्चारानुसार लिहिल्या जातात.

‘कॅश’ हा शब्द पाहावा. दुकानातील रोकड आणि संगणकातील एक प्रकारची स्मृती यांचे इंग्रजी शब्द वेगवेगळे लिहिले जातात, पण देवनागरीत ते एकरूप होतात. दुसरा शब्द ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला असून, तो आधी दडवून ठेवलेल्या शिधासामग्रीस लावला जाई. 1968 मध्ये आयबीएमने आपल्या सिस्टिम 360 मालिकेतील एका यंत्रात मुख्य स्मृतीपेक्षा लहान परंतु बरीच जलद अशी स्मृती बसवली आणि तिला हे नाव मिळाले. किराणा दुकानदार रोज खपणारी साखर गोदामातून काढून हाताशी ठेवतो, त्याप्रमाणे वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत तेथे राहते. ‘कर्नल’चेही असेच होते: मराठी वाचकास सेनाधिकारी आठवतो, तर मूळ शब्दाचा अर्थ फळाच्या कवचातील गर असा आहे. यंत्राची स्मृती आणि प्रक्रियकाचा वेळ निरनिराळ्या आज्ञावल्यांत वाटून देणारा, कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. ‘गर’ हे चित्र दिले की व्याख्या निम्मी समजते, आणि हे चित्र न देणारा परिभाषाकोश अपुराच म्हणावा लागेल.

याउलट ‘खाते’ हा शब्द अर्थासह संगणकात गेला. 1956 पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या धारवाड जिल्ह्यात मराठी आणि कन्नड यांची देवाणघेवाण जुनी आहे. फर्डिनांड किट्टेल यांनी 1894 च्या आपल्या कन्नड-इंग्रजी कोशात मराठीशी संबंध असलेल्या शब्दांपुढे तशी खूण केलेली दिसते. हिशेबाचे ‘खाते’ दोन्ही भाषांत चालते. व्यापाऱ्याच्या खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचे पान असते आणि त्याच्या नोंदी तेथेच होतात. संगणकावरही वापरकर्त्याचे नाव, त्याची जागा आणि त्याच्या नोंदी एकत्र बांधलेल्या असतात, म्हणून ‘खाते उघडा’ ही सूचना वेगळी समजावून द्यावी लागत नाही.